नागनाथची एका शब्दाची वही

नागनाथ भिवा बागुल याला इंग्रजीतला एकच शब्द पुरता येत होता. बाकी सगळे अर्धेमुर्धे. पण तो एक असा येत होता, की काळ्या कोटातल्या माणसांनी त्याच्याकडे शिकवणी लावावी. शब्द साधाच. आमच्या युनियनच्या पत्रकावर दर दोन महिन्यांनी छापला जाणारा. स्ट्राइक. मी त्या शब्दावर उभं आयुष्य काढलं, त्याच्यापायी दोनदा आत जाऊन आलो, आणि मला त्याचा एकच अर्थ ठाऊक होता. नागनाथने सतरा जमवले होते.

अडुसष्ट सालच्या पुरात तापी सुरतेत शिरली. ओसरल्यावर चौक बाजाराच्या कडेला भिजलेल्या वस्तूंचे ढीग लागले. त्यात कुणा वकिलाच्या घरातला एक इंग्रजी शब्दकोश होता, फुगून उशीएवढा झालेला. रद्दीवाल्यालाही तो नको होता. नागनाथने उचलला आणि पांडेसऱ्याला मिलमध्ये नेला. आमची मिल रंगाई-छपाईची. रंगवलेलं ओलं कापड एका लांबलचक तापलेल्या यंत्रातून ताणून, वाळून बाहेर पडतं. त्या बाहेरच्या तोंडाशी नागनाथ उभा असायचा. पळत्या कापडावर तळहात फिरवायचा. ओल कुठे राहिली ते त्याच्या हाताला कळायचं, डोळ्याला कळायच्या आधी. त्या यंत्राच्या उबेला त्याने तो कोश आठवडाभर ठेवला.

पानं वाळली, पण चिकटून विटा झाल्या. एक तीसेक पानांचा गठ्ठा तेवढा सुटला. त्यातल्या पानांवर हा एकच शब्द चार रकाने अडवून बसलेला. नागनाथ सातवीपर्यंत शिकलेला, इंग्रजी अक्षरं लावता येत होती. तो म्हणाला, बाकीचं पुस्तक नाही म्हणतंय, तर जेवढं हो म्हणतंय तेवढं वाचू.

वाचायला त्याला पाच वर्षं लागली. मी त्याला हसायचो. लिंबायतला चहाच्या टपरीवर युनियनची बैठक भरायची, तिथे तो वही घेऊन बसायचा. मी म्हणायचो, काय साहेब, आज कितवा अर्थ? तो शांतपणे सांगायचा. हजार वर्षांपूर्वी या शब्दाचा अर्थ होता हळूच हात फिरवणे. किंवा नुसतं पुढे चालत जाणे. मारणं त्यात नव्हतंच, ते पुढे आलं. मग धान्याच्या मापावर फळी फिरवून वरची शीग काढून टाकणं, त्यालाही हाच शब्द. काडी ओढून पेटवणे. घड्याळाने टोला देणे. नाणं पाडणे. लावलेल्या फांदीने मूळ धरणे. पाल उठवून मुक्काम हलवणे. यादीतून नाव खोडणे.

आणि आमचा अर्थ? तो मी मुद्दाम विचारला. तो म्हणाला, तो फार उशिराचा आहे पोपटभाऊ, सतराशे अडुसष्टचा. लंडनच्या बंदरात खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडं खाली उतरवली. शिड उतरवणे याला हाच शब्द होता. तिथून काम बंद करण्याला तो चिकटला. बरोबर दोनशे वर्षांनी तापीने तो माझ्या हातात दिला.

त्या रात्री सभेत मी ते खलाशी माझ्या भाषणात घातले आणि नागनाथचं नाव घेतलं नाही, हेही इथे लिहून टाकतो.

वही भरण्याची त्याची एक रीत होती. वर अर्थ लिहायचा आणि खालची जागा कोरी ठेवायची. तो अर्थ स्वतःच्या आयुष्यात घडला, तरच तारीख घालून एक वाक्य लिहायचं. नाही घडला तर जागा कोरीच. मापाच्या अर्थाखाली त्याने पहिल्याच दिवशी लिहिलं होतं: "गावात आमच्या वाट्याच्या मापावर नेहमी हात फिरवून शीग काढली जायची. बाकीच्यांना शिगेसकट." हात फिरवण्याच्या अर्थाखाली: "रोज आठ तास, कापडावर." मूळ धरण्याच्या अर्थाखाली लिंबायतच्या खोलीच्या दाराशी रंभाबाईने, त्याच्या बायकोने, लावलेल्या कढीपत्त्याची तारीख होती. नाणं पाडण्याच्या अर्थाखाली काही नव्हतं.

आता या माणसाची दुसरी गोष्ट सांगतो, जी मिलमध्ये आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. निदान आम्हाला तसं वाटत होतं. मिलच्या हजेरीत नागनाथ बागुल नावाचा कामगार नव्हताच. हजेरीत होता हिलाल दगडू पाटील.

हिलाल खरा माणूस. खानदेशातून नागनाथच्याच गाडीने सुरतेला आलेला, त्याच्या शेजारच्या गावचा. पासष्ट साली मिलमध्ये लागला आणि तीन महिन्यांत छाती धरली. वाफ आणि रसायनं त्याला सोसेनात. गावी परतताना त्याने आपला पत्र्याचा बिल्ला नागनाथच्या हातात ठेवला. बरा झालो की परत घेईन, तोवर तू जा. सुरतेत हे नवं नव्हतं. गावी गेलेल्याच्या बिल्ल्यावर भाऊ, मेहुणा, गाववाला जायचा. मुकादमाला माणूस मोजायचा असायचा, चेहरा नाही. हिलाल बरा झाला नाही आणि नागनाथ आठ वर्षं हिलाल राहिला.

त्यात एक सोयही होती, ती लपवत नाही. आम्ही दोघंही छप्पन्नला दीक्षा घेतलेल्या घरांतले. पाटील म्हणून त्याला मिलच्या माठावर कुणी अडवलं नाही, डबा खाताना कुणी सरकून बसलं नाही. मला सरकून बसणारे भेटले, मी त्यांच्याशी भांडलो. तो पाटील होऊन गप्प जेवला. मला याचा राग यायचा आणि मी तो बोलून दाखवायचो. तो म्हणायचा, तुम्हाला भांडायला वेळ आहे, मला आठ तास उभं राहायचंय.

शेजारच्या यंत्रावर छगन होता. धुळ्याकडचा, जातीने कुणबी, जिभेला हाड नसलेला. नागनाथ दर वर्षी चौदा एप्रिलला ताप आल्याचं सांगून रजा घ्यायचा आणि मुलांना घेऊन जयंतीच्या मिरवणुकीला जायचा. छगन पंधरा तारखेला सगळ्यांसमोर विचारायचा, "काय पाटील, उतरला का? तुमचा ताप लई शिस्तीचा. दर साली एकाच तारखेला येतो, एकाच दिवसात जातो." लोक हसायचे. नागनाथही हसायचा. त्या हसण्याकडे मी कधी नीट पाहिलं नाही.

त्र्याहत्तरच्या नोव्हेंबरात मालकाने आठ तासांची पाळी बारा तासांची केली. आम्ही बोलणी मागितली. बारा नोव्हेंबरला सकाळी सातला माणसं आली तर फाटक बंद. दोन दिवस बंद. चौदा तारखेला आम्ही ठराव करून संप पुकारला. एक्केचाळीस दिवस चालला आणि मोडला. खोटं कशाला सांगू, मोडलाच. बाकी सगळ्यांना परत घेतलं आणि अकरा जणांची नावं हजेरीतून खोडली. यादी फाटकावर लागली. छगन त्यात होता, हिलाल पाटीलही होता. मी एव्हाना मिल सोडून पूर्णवेळ युनियनचा झालो होतो.

लेबर कोर्टात केस उभी राहिली. मिलचं म्हणणं असं, की फाटक उघडंच होतं. हे अकरा जण बारा तारखेलाच नोटीस न देता निघून गेले आणि बाकीच्यांना घेऊन गेले. मिलच्या चौकीदाराच्या नोंदवहीत बारा तारखेपुढे लिहिलेलं होतं: फाटक उघडे. आमच्याकडे काय? अकरा तोंडं, आणि तीही ज्यांचं पोट त्यात अडकलंय त्यांची. आमचा वकील तरुण गुजराती मुलगा, मनाने चांगला. तो म्हणाला, त्या दिवशीचा कागद आणा. एखादी चिठ्ठी, पत्र, काहीही. नाहीतर विसरा.

मी दोन महिने कागद शोधत फिरलो. मध्येच गुजरातभर विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं, संचारबंदी लागली, तारखा पुढे ढकलल्या. एक दिवस मी नागनाथच्या खोलीवर बसून कपाळ धरून तेच बोलत होतो. रंभाबाई चहा ठेवता ठेवता म्हणाली, "भाऊ, त्या दिवसाचं यांनी लिहिलेलं आहे ना. फाटकासमोर उभं राहूनच लिहिलं म्हणत होते."

नागनाथने तिच्याकडे असं पाहिलं, की मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी हात पुढे केला होता. त्याने पेटीतून वही काढली.

मारणे, ठोकणे, या अर्थाखाली वाक्य होतं: "१२ नोव्हेंबर १९७३. सकाळी सव्वासात. बंद फाटकावर मी तीन वेळा हात मारला. आतून चौकीदार म्हणाला, शेठचा हुकूम नाही. संपाचा अजून ठराव झालेला नाही." आणि शिड उतरवण्याच्या अर्थाखाली: "१४ नोव्हेंबर. आज आम्ही हात वर करून ठराव केला."

मी उडालोच. म्हटलं, जिंकलो. त्याने वही माझ्या हातून घेतली आणि पहिलं पान उघडून समोर धरलं. सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: नागनाथ भिवा बागुल, याची वही. मग नाव खोडण्याच्या अर्थाचं पान उघडलं. "जानेवारी १९७४. आज फाटकावर हिलालचं नाव खोडलेलं पाहिलं. माझं कुणी खोडू शकलं नाही. ते तिथे नव्हतंच."

आता वकिलाचं ऐका. तो म्हणाला, वही दाखवली तर नाव बाहेर येणार. नाव आलं की तुमचा दावा संपला, कारण नागनाथ बागुल मिलचा कामगारच नव्हता. शिवाय खोट्या नावाने काम केल्याची फिर्याद मिल करू शकते. वही नाही दाखवली तर अकराही जण बहुतेक हरतील.

मी टपरीवर आलो आणि नागनाथला सरळ उपाय सांगितला. पहिलं पान फाड, ते खोडल्याचं पान फाड. शपथेवर सांग, मी हिलाल पाटील, ही माझी वही. सगळे आत जातील, तूही जाशील.

तो म्हणाला, "पानं फाडलेल्या वहीवर तुम्ही स्वतः विश्वास ठेवाल का, पोपटभाऊ?"

मी भडकलो. आठ वर्षं खोटं नाव चालवलंस तेव्हा नाही आठवलं का हे, असं भर टपरीवर ओरडलो. म्हणालो, पाटलाच्या पंगतीत बसून जेवलास, आता एकदम तुला बागुल व्हायचंय? तुझ्या पोरांनी काय खायचं, वही? आजूबाजूचे लोक वळून पाहायला लागले. नागनाथने कपातला चहा संपवला, कप उलटा ठेवला आणि उठून गेला. मला वाटलं, रुसला. तो स्टेशनवर गेला होता.

तो गेला हिलालकडे. हे मला नंतर त्याने थोडक्यात सांगितलं. हिलाल अंगणात बाजेवर बसलेला, हाडांचा सापळा झालेला. नागनाथने त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाला, नाव तुझं आहे, कोर्टात उघडं पडेल, तुझ्याकडेही पोलीस येऊ शकतात. तू नको म्हणालास तर वही चुलीत घालतो. हिलाल बराच वेळ खोकत राहिला. मग अहिराणीत म्हणाला, "आठ वरीस तू मनं नाव वागाडं, भाऊ. आते ठी दे खाले." आठ वर्षं माझं नाव वाहिलंस, आता खाली ठेव. बिल्ला परत द्यायला नागनाथने खिशात हात घातला, तर हिलालने मान हलवली.

परत आल्यावर त्याने रंभाबाईला विचारलं. ती काय म्हणाली ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कोर्टाच्या दिवशी ती स्वतः आली होती, धाकट्याला कडेवर घेऊन, एवढं मी पाहिलं.

चौऱ्याहत्तरचा जुलै होता. बाकीचे दहा जण बाकावर ओळीने बसलेले. नागनाथला पिंजऱ्यात उभं केलं, शपथ दिली, नाव विचारलं. मी पायाच्या अंगठ्याने फरशी दाबत होतो.

"नागनाथ भिवा बागुल," तो म्हणाला. "मिलच्या हजेरीत मी आठ वर्षं हिलाल दगडू पाटील या नावाने काम केलं. हिलाल जिवंत आहे. त्याला विचारून आलोय."

बाकावर हालचाल झाली. मिलचा वकील उठला तो जेवणाच्या ताटावर बसल्यासारखा खुशीत. त्याने विचारलं, म्हणजे आठ वर्षं तुम्ही खोटं बोलत होता, आणि आता तुमच्या वहीवर कोर्टाने विश्वास ठेवायचा? नागनाथ म्हणाला, नाव खोटं होतं, काम खोटं नव्हतं. वकील म्हणाला, ही वही संप मोडल्यावर घरी बसून लिहिलेली आहे.

तेव्हा न्यायाधीशांनी वही मागून घेतली. वयस्क गृहस्थ, जुन्या मुंबई राज्यात मराठी शिकलेले, चष्मा कपाळावर ठेवून वाचणारे. त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. बारा नोव्हेंबरवर ते थेट गेलेच नाहीत. कढीपत्ता वाचला, धान्याचं माप वाचलं. वेगवेगळ्या शाया पाहिल्या, कुठे रंगाच्या बोटाचे ठसे. मग त्यांनी एक पान वर धरून विचारलं, इथे नाणं पाडणे असा अर्थ लिहिलाय, खाली जागा कोरी का? असे पाच अर्थ कोरे आहेत.

"ते माझ्या वाट्याला आले नाहीत, साहेब. जेवढं घडलं तेवढंच लिहिलं."

न्यायाधीशांनी मिलच्या वकिलाकडे पाहिलं. पुरावा बनवायला बसलेला माणूस जागा कोऱ्या ठेवत नाही, एवढंच ते म्हणाले, आणि वहीवर निशाणी क्रमांक चौदा टाकायला सांगितला.

बाहेर व्हरांड्यात आलो. दहा जण एका बाजूला, नागनाथ आणि रंभाबाई दुसऱ्या. मधे चार हातांची फरशी. मला आता भांडण करायचंच होतं, मी शब्द जुळवत होतो. तेवढ्यात छगन उठला, ती फरशी ओलांडून गेला आणि नागनाथशेजारी भिंतीला टेकून बसला. खिशातून तंबाखू काढली, मळली, अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

"दुसऱ्या सालीच कळलं होतं मला," छगन म्हणाला. "हिलालचं गाव माझ्या मामाच्या गावाला लागून. आणि ताप काय असा तारखेवर येतो?"

"मग बोलला नाहीस ते?"

"तू बोलला नाहीस. तुझं नाव मी कशाला सांगू?"

नागनाथने तंबाखू दाढेखाली ठेवली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. पाठ हलत होती. रंभाबाईने पोराला खाली उतरवलं आणि पदर सारखा करत रस्त्याकडे पाहत राहिली. दहांतले दोघं त्या दिवसानंतर नागनाथशी कधी बोलले नाहीत. त्यांची नावं मी लिहीत नाही. त्यांची नोकरी त्याच्या वहीने आणलेली आहे, ते त्यांना पुरेल.

पंचाहत्तरच्या फेब्रुवारीत निकाल लागला. फाटक आधी मिलने बंद केलं, हे सिद्ध झालं. दहा जणांना परत घ्या. अकराव्याबद्दल दोन ओळी होत्या: नागनाथ भिवा बागुल या नावाचा कामगार मिलच्या हजेरीत नव्हता, त्यामुळे त्याचं नाव कमी करण्याचा प्रश्न येत नाही. फिर्याद मात्र मिलने केली नाही. बहुतेक हिलालला, त्या छातीसकट, कोर्टात उभं करायला ते भ्याले.

मी निकाल घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. टपरीवर बोललेले शब्द परत घ्यायला गेलो होतो, पण मला ते जमत नाही, आयुष्यात कधी जमलं नाही. मी नुसताच बसलो. त्याने निकाल दोनदा वाचला आणि म्हणाला, दहा झाले ना.

पुढच्या महिन्यात त्याला लिंबायतच्याच एका मागाच्या खात्यात, म्हणजे छोट्या कारखान्यात, काम मिळालं. चोवीस माग, हिशेब ठेवणारा एक मेहताजी, हजेरीची एक वही. मजुरी मिलपेक्षा कमी, आवाज दुप्पट. पहिल्या दिवशी मेहताजीने नाव विचारलं तेव्हा याने बापासकट, आडनावासकट सांगितलं, आणि मेहताजी लिहून संपेपर्यंत तिथून हलला नाही. मेहताजी म्हणाला, शुं जुए छे, काय बघतोस? हा म्हणाला, काही नाही, अक्षर चांगलं आहे तुमचं.

तेरा एप्रिलला संध्याकाळी मी वही घेऊन त्या खात्यावर गेलो. कोर्टातून सोडवून आणली होती, वर निशाणीचा शिक्का बसलेला. पाळी सुटत होती. नागनाथ मेहताजीच्या टेबलासमोर उभा होता. उद्या येणार नाही, म्हणत होता. मेहताजीने वर न पाहताच विचारलं, काय झालं, ताप?

"नाही," नागनाथ म्हणाला. "तब्येत चांगली आहे. उद्या बाबासाहेबांची जयंती आहे."

मेहताजीने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हजेरीत नागनाथ भिवा बागुल या नावापुढे लिहिलं: रजा, जयंती. नागनाथने वाकून वाचलं आणि मगच माझ्या हातातून वही घेतली.